आंबा घाटातली पांढरी भिंत: एका पिकअपच्या हेडलाईटचं प्रकरण

(मालक, ड्रायव्हर आणि गाडी ओळखू येईल असा तपशील काढून टाकला आहे. रस्ता, दोष आणि मोजमापं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत.)

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून कोकणात रोज रात्री भाजी उतरते. संध्याकाळी टोमॅटो, फ्लॉवर, कोबी क्रेटमध्ये भरायचे, अकराच्या सुमारास ताडपत्री बांधून गाडी काढायची आणि पहाटे पाचच्या आत रत्नागिरीत माल टाकायचा. रस्ता राष्ट्रीय महामार्ग १६६ चा: मलकापूर, आंबा गाव, मग घाट उतरून साखरपा आणि पुढे पाली. उशीर झाला की किरकोळ विक्रेते दुसरीकडून माल उचलतात, त्यामुळे या धंद्यात घड्याळाचा दाब मोठा असतो. हे आधीच लक्षात घ्यायला हवं, कारण पुढचे बरेचसे निर्णय त्या दाबाखाली झाले.

गाडी दीड टनी पिकअप, सात वर्षांची. हेडलाईट साधे: प्लास्टिकची काच, आत रिफ्लेक्टर आणि एच-४ बल्ब, ६०/५५ वॅटचा. या बल्बची रचना माहीत असल्याशिवाय पुढचं प्रकरण समजणार नाही. त्यात दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या तारा असतात. ६० वॅटचं अप्परचं (लांबचा झोत), ५५ वॅटचं डिप्परचं (खाली वळलेला झोत). डिप्परच्या फिलामेंटखाली चमच्यासारखी एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती फिलामेंटचा खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि उजेड रस्त्याकडे झुकतो. भिंतीवर डिप्पर टाकून बघितला तर वर काळोख, खाली उजेड आणि मधे स्पष्ट रेघ दिसते. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात म्हणून ही रेघ डाव्या टोकाला पंधरा अंशांनी वर चढते. तेवढ्यामुळे रस्त्याची डावी कड लांबपर्यंत दिसते आणि समोरच्याच्या डोळ्यात उजेड जात नाही. हेडलाईटची सगळी सुरक्षितता या एका रेघेत आहे.

अडचण

मे महिन्यात ड्रायव्हरने तक्रार केली. "मालक, लाईट लागतोय, पण रस्ता दिसंना."

तक्रार खरी होती. काचा पिवळट आणि धुरकट झाल्या होत्या, डिप्परचा उजेड तांबूस पडत होता. आणखी एक गोष्ट ड्रायव्हरने सांगितली, तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही: भरलेली गाडी असली की समोरून येणारी प्रत्येक दुसरी गाडी डिप्पर मारते (दिवा उघडझाप करून खुणावते). म्हणजे एकाच वेळी दोन उलट वाटणाऱ्या तक्रारी होत्या. स्वतःला दिसत नाही आणि समोरच्याला मात्र उजेड खुपतो. कुठल्याही जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनला ही जोडी ऐकून पहिली शंका यावी ती फोकसची. उजेड कमी आहे आणि जो आहे तो चुकीच्या जागी पडतो आहे.

पहिला निर्णय: कोणते पर्याय होते

मालकासमोर तीन वाटा होत्या.

पहिली, १००/९० वॅटचे बल्ब. दुकानात सहज मिळतात. पण ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा ८.३. दोन मिळून साडेसोळा अँपिअरच्या वर. मूळ वायर, कप्लर (बल्बला वायर जोडणारं सॉकेट) आणि स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच एवढ्या करंटसाठी केलेला नसतो. कप्लर वितळतो, रिफ्लेक्टरची चमक भाजून उडते. शिवाय वायरीत आधीच व्होल्टेज गळत असेल तर जास्त करंटने गळती आणखी वाढते. ही वाट मालकाने नाकारली, आणि ते बरोबर होतं.

दुसरी, एच-४ च्या जागी बसणारे एलईडी बल्ब. "सगळे टाकत्यात, तू पण टाकून घे," असं मालक म्हणाला. बॉनेट उघडून पंधरा मिनिटांत काम होतं.

तिसरी, गाडी एक दिवस उभी करून काच, वायरिंग, फोकस तपासायचा. हंगामात एक दिवस गाडी उभी ठेवायची म्हणजे एका फेरीचं भाडं बुडतं, म्हणून ही वाट मागे पडली.

दुसरी वाट निवडली गेली. बंपरवर एक एलईडी बारही चढवला. पहिल्या रात्री दोघंही खूश होते, कारण गाडीसमोरचे दहा-पंधरा मीटर दुधासारखे पांढरे दिसत होते. इथेच फसगत होते. जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि पन्नास मीटरवरची गोष्ट आधीपेक्षा काळी दिसते. वाटतं खूप दिसतंय, प्रत्यक्षात लांबचं कमी दिसत असतं.

दुसरा दोष रचनेतला. हॅलोजनचं फिलामेंट जिथे असतं, त्या बिंदूसाठी रिफ्लेक्टर कोरलेला असतो. एलईडीच्या चिप जाड पट्टीच्या दोन अंगांना असतात, तो बिंदू त्यांना तंतोतंत साधत नाही. स्वस्त बल्बात ती वाटीही नीट नसते. रेघ पुसली जाते आणि उजेड वरही फेकला जातो. कोरड्या हवेत हा त्रास फक्त समोरच्याला होतो. धुक्यात तो स्वतःच्याच डोळ्यात परत येतो.

कायद्याचा भागही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये पुढच्या दिव्याचा झोत समोरच्याला दिपवणार नाही असा खाली वळलेला असावा, असं नियम १०६ सांगतो. पासिंगच्या वेळी जुने बल्ब घालून गाडी न्यायची आणि परत आल्यावर एलईडी चढवायचे, असा प्रकार सर्रास चालतो. त्याने कागद सुटतो, रस्ता सुटत नाही.

घाटातली रात्र

जुलैचा दुसरा आठवडा, रात्री दोनच्या पुढची वेळ. हौद्यात साधारण १४०० किलो माल. आंबा गावापर्यंत नुसता पाऊस होता. घाट सुरू झाला आणि पहिल्या काही वळणांतच गाडी ढगात शिरली.

या घाटातलं पावसाळी धुकं आणि हिवाळ्यात नदीकाठी पहाटे साचणारं धुकं यांत फरक आहे. समुद्रावरून आलेला ढग सह्याद्रीच्या कड्याला टेकतो, त्यातूनच रस्ता जातो. वारा असल्यामुळे एका वळणावर शंभर मीटर दिसतं आणि पुढच्या वळणावर पंधरा. थोडं थांबलं तर बऱ्याचदा पातळ होतं, पण चालत राहिलं तर कुठे घट्ट लागेल सांगता येत नाही.

ड्रायव्हरने सवयीने अप्पर आणि बार दोन्ही लावले. समोर पांढरी भिंत उभी राहिली. धुक्यातला प्रत्येक थेंब उजेड सगळीकडे उधळतो आणि त्यातला काही सरळ मागे येतो. उजेडाचा उगम आणि डोळा जितके जवळ, झोत जितका वर आणि जितका तीव्र, तितकी ही भिंत जाड. त्याने बार बंद केला, अप्पर खाली घेतला. भिंत पातळ झाली पण गेली नाही, कारण एलईडीच्या डिप्परला रेघच उरली नव्हती. भर म्हणून गाडी मागे बसलेली, नाक वर.

मग त्याने चारही इंडिकेटर लावले आणि तसाच चालत राहिला. पावसात किंवा धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावणं ही इथली पक्की सवय आहे आणि ती मोडायला हवी. मागच्याला गाडी उभी आहे की चालतेय हे कळत नाही, वळण्याचा इशारा देता येत नाही, आणि पुढे खरंच कुणी बंद पडून इंडिकेटर लावून उभं असेल तर त्या इशाऱ्याची किंमत संपते.

समोरच्या काचेला आतून वाफ धरली होती. तो एका हाताने फडका मारत होता. आपण वीसच्या वेगाने उतरतोय असं त्याला वाटत होतं, काट्यावर तीस होतं. धुक्यात बाजूची झाडं, कठडे दिसत नाहीत, म्हणून वेग कमी भासतो. काटा बघितल्याशिवाय धुक्यातला वेग कळत नाही, हे अनुभवी ड्रायव्हरच्या बाबतीतही तितकंच खरं.

डाव्या कडेला टायर फुटलेला ट्रक उभा होता. टेल लाईट बंद, मागचं रेडियम चिखलाने झाकलेलं. ट्रकवाल्याने मागे दगड मांडले होते, तेही जेमतेम सात-आठ मीटरवर. पिकअपच्या ड्रायव्हरला आधी दगड दिसले. त्याने ब्रेक दाबला, डावं चाक दगडावर चढलं, रिम वाकली, आणि गाडी सरकत ट्रकच्या मागच्या आडव्या गार्डला टेकली. बंपर आणि डाव्या दिव्याचा ब्रॅकेट वाकला. कुणाला लागलं नाही.

हिशेब मांडून पाहा. दीड सेकंद पाय ब्रेकवर जायला, ओल्या रस्त्यावर घर्षण ०.४ आणि उतार ७ टक्के धरला, तर थांबायला लागणारं अंतर असं येतं:

२० च्या वेगाला सुमारे १३ मीटर,
२५ ला १८,
३० ला २३,
४० ला ३६,
६० ला ६८ मीटर.

दिसत होतं १५ ते २० मीटर. म्हणजे वीस किंवा फार तर पंचविसाचा वेग परवडत होता, तिसाचा नाही. पाय लवकर पडला आणि दगड आडवा आला म्हणून निभावलं. मीटरचा अंदाज येत नसेल तर गाडीच्या लांबीने मोजावं: पिकअप साधारण पाच मीटरची, समोर तीनच गाड्या मावतील एवढं दिसत असेल तर वीस.

दुसरा निर्णय: उभ्या गाडीचं काय

धडकेनंतरचे दहा मिनिटं जास्त धोक्याचे होते. आता वळणाखाली दोन अंधारी वाहनं एकामागे एक उभी होती आणि वरून गाड्या येत होत्या.

ड्रायव्हरने पहिली गोष्ट बरोबर केली, इंडिकेटर चालूच ठेवले. आता त्यांची खरी जागा होती. दुसरी चुकली: हेडलाईट जळते ठेवले. उभ्या गाडीचे हेडलाईट खालून चढून येणाऱ्याला दिपवतात आणि ही गाडी आपल्याकडे चालत येतेय असं त्याला वाटतं. अशा वेळी हेडलाईट बंद, पार्किंग लाईट चालू, म्हणजे मागचे तांबडे दिवे जळत राहतात. इथे डावा टेल लाईट आधीपासूनच गेलेला होता. वरून बघणाऱ्याला उजव्या अंगाला एकच तांबडा ठिपका दिसायचा, म्हणजे मोटरसायकल. ती समजून कुणी डावीकडून काढायला गेला असता तर सरळ हौद्यावर.

त्रिकोण सीटखाली होता. ट्रकच्या क्लीनरने तो चालत साठ-सत्तर पावलं नेऊन वरच्या वळणाच्याही वर, येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा ठेवला आणि स्वतः कठड्याच्या बाहेर उभा राहिला. हा त्या रात्रीचा सर्वांत चांगला निर्णय. घाटात त्रिकोण वळणाच्या आधी दिसला पाहिजे, वळण घेतल्यावर दिसलेल्या त्रिकोणाला अर्थ नाही. आणि दोन गाड्यांच्या मधे कधीच उभं राहायचं नाही, चाक बदलायच्या घाईतही नाही.

उजाडल्यावर दोन्ही गाड्या निघाल्या. माल नऊला पोचला, अर्ध्या भावात गेला.

तपासणीत काय निघालं

आता गाडी उभीच होती, म्हणून तिसरी वाट आपोआप उघडली. इलेक्ट्रिशियनने एलईडी काढले आणि नवे ६०/५५ चे हॅलोजन घालून मगच मीटर लावला. हे महत्त्वाचं. एलईडी कमी करंट घेतात, त्यामुळे त्यांच्यावर मोजलं तर वायरिंग ठणठणीत दिसतं.

इंजिन चालू, डिप्पर चालू. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. बल्बच्या कप्लरवर ११.४. मधे २.७ व्होल्ट गायब. ते कुठे गेले हे शोधायला मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी बल्बच्या डिप्पर पिनला लावली, १.६ व्होल्ट आले: झिजलेला कॉम्बिनेशन स्विच आणि काळा पडलेला कप्लर. मग बल्बच्या अर्थिंग पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं, १.१ व्होल्ट: पुढच्या पत्र्यावरचा अर्थिंगचा बोल्ट गंजून गेलेला.

अडीच-पावणेतीन व्होल्टने काय होतं असं वाटेल. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १३.२ व्होल्टला डिप्परचं फिलामेंट सुमारे १००० ल्युमेन देतं, ११.४ ला ते सहाशेवर येतं. त्यात काच धुरकट. मे महिन्यातल्या तक्रारीचं उत्तर इथे होतं. बल्ब निर्दोष होता, त्याला वीजच पोचत नव्हती.

फोकसचं उत्तर मागच्या चाकाकडे होतं. पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसले होते. रिकाम्या गाडीच्या तुलनेत भरलेल्या गाडीचा मागचा भाग पुढच्यापेक्षा ५ सेंटिमीटर जास्त दबत होता. दोन चाकांतलं अंतर ३ मीटर धरलं तर हे १.६७ टक्के नाक वर उचलणं झालं. रिकाम्या गाडीवर फोकस १.२ टक्के खाली, म्हणजे दहा मीटरवर १२ सेंटिमीटर खाली लावलेला होता. भरल्यावर तोच जवळजवळ अर्धा टक्का वर गेला. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर, पन्नास मीटरवर रेघ ११३ सेंटिमीटर उंच. कारमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे साधारण याच उंचीवर असतात. समोरचे डिप्पर मारत होते ते उगाच नाही.

नव्या गाड्यांत यासाठी डॅशबोर्डवर ०, १, २, ३ असं फिरणारं बटण असतं. शून्य म्हणजे एकटा ड्रायव्हर, भार वाढेल तसा आकडा वाढवायचा. बहुतेकांच्या गाडीत ते जन्मभर शून्यावर राहतं. या गाडीत ते नव्हतंच.

काय केलं

अर्थिंगचा बोल्ट काढून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, वायरीच्या टोकाला नवं थिंबल (बोल्टमध्ये बसणारी कडी) लावलं, वरून पेट्रोलियम जेली. अप्परला एक आणि डिप्परला एक असे दोन रिले बसवले. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीला लागूनच २० अँपिअरचा फ्यूज. जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो, दिव्याचा करंट त्यातून जात नाही. नंतर मोजलं तेव्हा गळती ०.६ व्होल्ट, बल्बवर १३.५. तोच ५५ वॅटचा बल्ब आता सुमारे पावणेदोन पट उजेड देत होता. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नये, बोटाचं तेल त्या जागी तापतं आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसावं. बदलताना जोडी बदलावी.

काचा पाणी मारत ८००, १५००, २००० आणि ३००० नंबरच्या पेपरने घासल्या, पॉलिश केल्या आणि वर उन्हापासून वाचवणारा क्लिअर कोट मारला. हा शेवटचा थर बरेच जण वाचवतात. मूळ थर घासण्यात गेलेला असतो, त्यामुळे काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते.

मागे एक पाटा बदलला, त्याने दबण्यातला फरक ५ वरून ३ सेंटिमीटरवर आला.

फोकस लावताना खरा निर्णय घ्यावा लागला. रिकाम्यावर लावायचा की भरलेल्यावर? भरलेल्यावर १.२ टक्क्यांवर लावला तर रेघ ७५ मीटरवर रस्त्याला टेकते, पण रिकाम्या गाडीत ती २.२ टक्क्यांवर येऊन ४१ मीटरवरच संपते. रिकाम्यावर लावला तर उलट, भरलेली गाडी पुन्हा समोरच्यांना त्रास देते. ही गाडी रात्री भरून जाते, परत येते ती दिवसा. म्हणून भरलेल्यावर लावायचं ठरलं, आणि कधी रिकामी गाडी रात्री आणावी लागली तर चाळीसच्या वर न्यायची नाही अशी अट घातली. भाडेतत्त्वावर दोन्ही वेळा रात्री चालणाऱ्या गाडीला हे उत्तर चालणार नाही, तिथे मधला आकडा धरावा लागेल.

पद्धत सोपी आहे, पण तिला सपाट जागा लागते. यार्डातल्या गोदामाच्या भिंतीसमोर दहा मीटरवर गाडी उभी केली. चारही टायरची हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर, हौद्यात क्रेट. दोन्ही दिव्यांच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने खुणा केल्या, त्याखाली १२ सेंटिमीटरवर आडवी रेघ मारली. एक दिवा पुठ्ठ्याने झाकून दुसरा लावायचा, डिप्परवर. उभा स्क्रू फिरवत भिंतीवरची उजेडाची कड खडूच्या रेघेवर आणायची. ती जिथून डावीकडे वर वळते तो कोपरा दिव्याच्या मध्याच्या खुणेच्या सरळ खाली यायला हवा, तो आडव्या स्क्रूने येतो. डाव्या दिव्याचा ब्रॅकेट वाकलेला होता, तो आधी सरळ केला, नाहीतर स्क्रूचा पल्ला संपला तरी कड जागेवर येत नव्हती. एलईडी बल्ब कुतूहल म्हणून एकदा याच भिंतीवर लावून बघितले. कड कुठेच नव्हती, छतापर्यंत उजेड. ते पाहिल्यावर मालकाने ते परत मागितले नाहीत.

बार उतरवला. त्याच्या जागी बंपरच्या खाली, जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर ५५ वॅटचे दोन फॉगलॅम्प लावले, काचेवर फॉगलॅम्पचं 'बी' हे चिन्ह बघून. ते २ टक्के खाली लावले, म्हणजे झोत बाविसेक मीटरपर्यंत पोचतो. धुक्यात तेवढाच पुरतो. त्यांचा झोत रुंद आणि चपटा असतो, धुक्याच्या थराखालून डांबराची कड आणि पांढरा पट्टा दाखवतो. पिवळा रंग धुकं भेदतो ही समजूत मात्र चुकीची. धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की ते सगळे रंग जवळजवळ सारखेच उधळतात. पिवळा डोळ्याला सुसह्य वाटतो एवढंच, काम करतो तो झोताचा आकार आणि दिव्याची उंची. फॉगलॅम्पची वायर पार्किंग लाईटच्या सर्किटमधून घेतली, म्हणजे मागचे दिवे लागल्याशिवाय ते लागतच नाहीत. दिवसा पावसात नुसते डीआरएल (दिवसा जळणारे पुढचे छोटे दिवे) लावून फिरणाऱ्या कारमध्ये हाच घोटाळा असतो: पुढे उजेड, मागे अंधार.

मागे दोन्ही २१/५ वॅटचे बल्ब बदलले, तांबडं रेडियम लावलं. काचेसाठी वायपरचं नवं रबर घेतलं. वाफेसाठी ब्लोअर काचेवर गरम आणि खिडकी दोन बोटं उघडी. फडक्याने काचेवर नुसते फराटे उठतात, आणि समोरचा उजेड त्यांवर पसरतो.

चालवण्याचे नियम मालक आणि ड्रायव्हरने मिळून ठरवले, लिहून केबिनमध्ये चिकटवले. धुक्यात डिप्पर आणि फॉगलॅम्प, अप्पर नाही. तीन गाड्यांएवढं दिसत असेल तर वीस. त्याहून कमी झालं तर पुढच्या रुंद जागेला थांबायचं, रस्त्याच्या कडेला नाही. समोरचा दिवा दिसला की लगेच डिप्पर, दिपल्यावर नाही. डोळे समोरच्या दिव्यावर न ठेवता डाव्या पांढऱ्या पट्ट्यावर. पुढच्या गाडीच्या टेल लाईटचा माग धरून चालायचं नाही, ती चुकली तर आपणही तिच्यामागे.

आणि एक नियम मालकाने स्वतःसाठी लिहिला: घाटात थांबल्यामुळे झालेल्या उशिराचं भाडं कापायचं नाही. रत्नागिरीच्या व्यापाऱ्याशी बोलून पावसाळ्यापुरती वेळ सहापर्यंत वाढवून घेतली. सगळ्या दुरुस्तीत हाच भाग सर्वांत अवघड गेला, आणि याच्याशिवाय वरचे नियम कागदावरच राहिले असते.

परिणाम

पहिल्याच आठवड्यात फरक जाणवला तो समोरच्यांच्या वागण्यात. "आता कोण डिप्पर मारत न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. फोकस बरोबर बसल्याची रस्त्यावरची याहून चांगली चाचणी नाही.

ऑगस्टमध्ये घाटात पुन्हा तसंच धुकं लागलं. तो आंबा गावात एका टपरीसमोर चाळीस मिनिटं थांबला, पातळ झाल्यावर वीस-पंचवीसने उतरला. माल साडेपाचला पोचला.

सगळ्या कामाला दीड दिवस लागला. रिले, वायर, बल्ब, फॉगलॅम्प, पॉलिश आणि पाटा मिळून झालेला खर्च त्या एका रात्री अर्ध्या भावात गेलेल्या मालापेक्षा कमी होता.

काय वेगळं करता आलं असतं

मे महिन्यात मीटर लावायला वीस मिनिटं लागली असती. "दिसत नाही" ही तक्रार आली की बल्ब बदलण्याआधी व्होल्टेज, काच आणि भिंतीवरची रेघ या तीन गोष्टी बघायच्या, याच क्रमाने. समोरचे डिप्पर मारतात हे ड्रायव्हर सांगत होता तेव्हा त्याला दुजोरा म्हणून एकदा भरलेली गाडी भिंतीसमोर उभी केली असती तरी कळलं असतं.

त्या रात्री आंबा गावात थांबायला हवं होतं. तिथे दिवे आहेत, टपऱ्या आहेत, उभं राहायला जागा आहे. घाटात शिरल्यावर थांबायचा निर्णय घेणं कठीण होतं, कारण जागाच नसते. म्हणून निर्णय घाटमाथ्यावरच व्हायला हवा. ड्रायव्हरने नंतर कबूल केलं की पाचच्या वेळेच्या धास्तीने थांबायचा विचार मनात आला तसाच गेला. तो दोष एकट्या ड्रायव्हरवर टाकता येत नाही.

ट्रकच्या बाजूने बघितलं तर एक ओला फडका आणि दोन मिनिटं पुरली असती. मागचं रेडियम पुसलेलं असतं तर पिकअपच्या विस्कटलेल्या उजेडातही ते चमकलं असतं. आणि दगड सात मीटरवर ठेवून काही उपयोग नाही, निघताना ते तिथेच सोडून गेलं तर पुढच्या रात्री कुणा दुचाकीवाल्याच्या चाकाखाली येतात. या प्रकरणात ट्रक हलल्यावर दगड कठड्याकडे सरकवले गेले, ते क्लीनरनेच केलं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. माल जास्त असला की ताडपत्रीची मागची कड वाऱ्याने सुटून डाव्या टेल लाईटवर येते. दोरी बदलून पाहिली, हूक खाली घेतला, तरी साखरप्यापर्यंत ती एकदा तरी सरकते. सध्या ड्रायव्हर मलकापूरला आणि घाटमाथ्यावर उतरून हाताने बघतो, आणि त्याच वेळी पुढच्या-मागच्या काचा पुसून घेतो.